चाईच्या जागेपुरता केसांचा पॅच : कामाच्या नोंदी

पूर्ण विग नको, केस गेलेत तेवढ्याच जागेपुरता तुकडा हवा, असं म्हणणाऱ्यांना बाजारात टॉपर किंवा पॅच मिळतो. दिसायला बरा असतो, पण दिवसभर डोक्यावर ठेवणं कठीण. मी नाशिकला ब्लाउज-ड्रेस शिवते आणि हौशी नाटकवाल्यांचे टोप दुरुस्त करून देते, त्यामुळे सुई-दोरा आणि केस दोन्ही हाताखालचे. खालच्या नोंदी दोन डोक्यांच्या आहेत. एक चाईचं, एक भाजल्याच्या व्रणाचं. हे काम करून बघणाऱ्यांनी कड आणि पकड यांच्या नोंदी आधी वाचा. माझे पैसे केसांवर गेले, पण वेळ सगळा कडेवर.

७ मार्च २०२४ : माप

प्राथमिक शाळेतल्या बाई, वय ४६. चाई भोवऱ्याच्या किंचित पुढे, लांबट गोल, ६ बाय ५ सेंमी. त्वचेच्या डॉक्टरांची इंजेक्शनं चालू आहेत, दर चार-सहा आठवड्यांनी. त्यामुळे दोन गोष्टी मापाआधीच ठरल्या. पॅच रोज काढता-घालता आला पाहिजे आणि त्या कातडीवर डिंक-टेप काही नको. दुसरं म्हणजे ही चाई आज आहे तेवढीच राहील असं धरायचं नाही. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उठते, पण मुळं मरत नाहीत. केस परत येऊ शकतात, तसा शेजारी नवा गोलही पडू शकतो.

दुकानातून घेतलेला तयार टॉपर बाईंनी सोबत आणला होता. १५ बाय १६ सेंमी, चार क्लिपा. एवढ्याशा चाईसाठी निम्मं डोकं झाकणार. भांग जुळावा म्हणून त्या तो पुढे सरकवून लावत, त्यामुळे मागच्या दोन क्लिपा नेमक्या चाईच्या कडेवर येत. भिंग लावून कड बघितली. तीन-चार मिलिमीटरचे तुटके केस, टोकाशी जाड आणि मुळाकडे निमुळते. चाई अजून चालू असल्याची ती खूण. अशा कडेचे केस नुसत्या बोटांनी ओढले तरी हातात येतात, आणि तिथे स्टीलची क्लिप रोज दहा तास ओढ देत होती. बाई म्हणाल्या, "ताई, मला वाटलं आजारानेच वाढतेय." आजाराने किती आणि क्लिपने किती हे मी सांगू शकत नाही, पण क्लिपची जागा माझ्या हातात आहे. नियम ठरवला : चाईच्या कडेपासून अडीच सेंमीच्या आत काहीही चिमटायचं नाही.

साचा असा घेतला. केस विंचरून चापून बसवले, डोक्यावर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म ताणून धरली (एक टोक बाईंच्याच हातात), वरून सेलोटेपच्या पट्ट्या आडव्या-उभ्या-तिरक्या. दोन थर पुरत नाहीत, उचलल्यावर साचा चपटा होतो. चार थर द्या. मग मार्करने चाईची कड लाल, क्लिपची रेघ निळी, भांग, भोवरा आणि केस कुठल्या दिशेला पडतात त्याचे बाण. बाणांचा कंटाळा करू नका. साचा उतरवला की ब्लॉकवर (डोक्याच्या आकाराच्या ठोकळ्यावर) ठेवून आत कापूस भरायचा आणि टाचण्यांनी पक्का करायचा.

१३ मार्च : केस

पहिली जुडी वाया गेली. १०० ग्रॅम, १४ इंची, २,६०० रुपये, विकणाऱ्याने "रेमी" (सगळ्या केसांची मुळं एकाच बाजूला असलेली) म्हणून दिलेली. हातात रेशमासारखी लागत होती आणि तिथेच शंका यायला हवी होती. दोन-तीनदा शाम्पूने धुतल्यावर टोकं गुंतायला लागली आणि मग सगळ्या जुडीचा नमदा झाला.

कारण साधं आहे. फणीत अडकलेलं गुंतवळ गोळा करून जे केस बनतात, त्यांत मुळं-टोकं उलटसुलट मिसळलेली असतात. केसावरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकू नयेत म्हणून ते आम्लात काढून टाकतात आणि वर सिलिकॉन चढवतात. सिलिकॉन धुऊन गेलं की खेळ संपला. आपल्याकडे केसांवर भांडी देणाऱ्या बायका दारोदार फिरून गोळा करतात ते हेच गुंतवळ. त्याला वाईट म्हणायचं नाही, नाटकाच्या टोपाला ते चालतं. वरचेवर धुवायच्या पॅचला चालत नाही.

आता घेताना मी एक केस चिमटीत धरून वरखाली सरकवते. मुळाकडून टोकाकडे गुळगुळीत आणि उलट ओढताना खरखरीत लागला पाहिजे, आणि जुडीतल्या दहा केसांना एकाच बाजूने लागला पाहिजे. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असेल तर ठेवून द्या. नायलॉनची भेसळ ओळखायला एक केस जाळून बघायचा. माणसाच्या केसाची राख होते आणि वास ओळखीचा असतो, नायलॉनचा टणक मणी होतो. दुकानदार रागावतो, रागावू दे.

दुसरी जुडी देवस्थानात उतरवलेल्या केसांची, मुळाकडून रबराने बांधलेली, १६ इंची, ४,८०० रुपये. तिरुपतीचे केस देवस्थान लांबीप्रमाणे वेगळे करून लिलावाने विकतं, आणि कापतानाच दिशा जपलेली असली तर ते अनेक महिने टिकतात.

बाईंचे केस निम्मे पिकलेले नाहीत, पण भांगाजवळ पांढरे बरेच. माणसाचे पांढरे केस हव्या त्या लांबीत मिळणं दुर्मिळ, आणि काळे ब्लीच केले तर पिवळट राहतात. शेवटी पांढऱ्या सिंथेटिकचे थोडे धागे मिसळले. बाईंना बजावून सांगितलं की या पॅचवर स्ट्रेटनर फिरवायचा नाही, वितळेल.

२२ मार्च : बेस आणि कड

बेस म्हणजे ज्यात केस विणायचे ते खालचं कापड. तो कशाचा यावर फार वाचण्यापेक्षा तुकडे आणून डोक्यावर बांधून बघा. मी कामाला बसताना स्कार्फखाली एकेक तुकडा ठेवून बघितला. पीयू म्हणजे पातळ प्लास्टिकचा पापुद्रा. तासाभरात खाली घामाचं पाणी. मोनोफिलामेंट (मोनो) म्हणजे एकेरी तंतूची ताठ जाळी. टिकाऊ, आकार धरते, पण कापलेली कड तारेसारखी टोचते. स्विस लेस म्हणजे अगदी तलम जाळी. अंगाला लागतच नाही, हवा खेळते, पण क्लिप शिवली की टाक्यापासून फाटत जाते. तीन पदरी सिल्क टॉप गाठी छान लपवतो, पण नाशिकच्या एप्रिलमध्ये तो कोणी घालू नये.

म्हणून मिश्र बेस केला. मधला भाग स्विस लेसचा. भोवती मोनोची १ सेंमी पट्टी, जिच्यावर पकडीचा सगळा भार येईल. आणि पट्टीची कापलेली कड मलमलच्या उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीत गुंडाळली, ब्लाउजच्या गळ्याला लावतो तशी, फक्त अर्ध्या रुंदीची. उरेबच हवी. सरळ कापलेली पट्टी गोल कडेवर चुण्या धरते आणि चुणी दिवसभर कातडीला घासते. टाके बाहेरच्या बाजूला, गाठ आत येता कामा नये.

मोनोची पट्टी लेसला मशीनवर शिवली नाही, हाताने लांब टाक्यांनी जोडली. चाई बदलली तर उसवून आकार बदलता यावा म्हणून. यात एक संध्याकाळ जास्त गेली.

लेस पांढरट होती, ती चहाच्या पाण्यात बुडवून डोक्याच्या कातडीच्या रंगावर आणली. टोपवाल्यांची जुनी युक्ती. चहा गाळून घ्या, नाहीतर ठिपके पडतात.

५ एप्रिल : विणकाम

आरी वर्कच्या सुईसारखीच आकड्याची बारीक सुई लागते, त्याहून बारीक. केसाची जुडी दुमडून डाव्या हातात, सुईने एकेक केस जाळीच्या छिद्रातून ओढून गाठ. विणताना काळ्या केसांची गाठ डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून ब्लॉकवर लेसखाली पांढरा कागद ठेवला, तेव्हा डोळे वाचले.

बाईंच्या भोवऱ्याला चाई लागून आहे. मी आधी सगळे केस सरळ मागे पडतील असे विणले. ब्लॉकवर ठीक दिसलं, पण साच्यावरचे बाण ताडून बघितले तर खरे केस तिथे उजवीकडून गोल फिरतात. सरळ विणलेला भाग तिथे उघडा पडून फट दिसली असती, तीही नेमकी जे लपवायचं तिथे. सगळा मागचा भाग कापून काढला आणि भोवऱ्याच्या मध्यापासून बाणांप्रमाणे गोल फिरवत परत घातला. आठवड्याचं काम गेलं.

दाटीचंही तसंच. हात चालायला लागला की भरगच्च विणायचा मोह होतो. चाळिशी ओलांडलेल्या डोक्यावर भरगच्च पॅच झाकण ठेवल्यासारखा दिसतो. भांगाजवळ एका गाठीत एकच केस, मागे दोन, आणि कडेच्या शेवटच्या दोन ओळींत पुन्हा एकच. भांगाला एकेरी गाठ, बाकी दुहेरी. एकेरी दिसत नाही पण लवकर सुटते.

भांगातल्या गाठी काळे ठिपके दिसतात, त्या फिक्या कराव्या लागतात. आधी रद्दी तुकड्यावर केलं. ब्लीच पातळ कालवलं होतं, ते छिद्रातून वर चढलं आणि केसांची मुळं नारिंगी झाली. दाट, लोण्याइतकं घट्ट कालवा, २० व्हॉल्यूमच्या डेव्हलपरमध्ये (ब्लीच कालवायच्या पेरॉक्साइडच्या द्रावणात), आतल्या बाजूने ब्रश न दाबता लावा, डोळा लावून बसा आणि गाठ तपकिरी झाली की लगेच धुवा. पिवळी होईपर्यंत थांबलात तर केस गाठीपाशी तुटतील. मी फक्त भांगाची रेघ केली. बाकी गाठी केसांखाली कोणाला दिसतात?

२० एप्रिल : पहिलं फिटिंग

वजन ३१ ग्रॅम. तीन क्लिपा : एक पुढे, दोन बाजूंना, सगळ्या निळ्या रेघेवर. आरशात बघून बाई काही बोलल्या नाहीत, मग मोबाइलवर मागून फोटो काढायला सांगितला आणि तो बराच वेळ मोठा करून बघत बसल्या. दिसण्याचं काम झालं होतं.

बसण्याचं झालं नव्हतं. बाई सिडकोतून पंचवटीपर्यंत स्कूटीवर जातात, हेल्मेट घालून. दोन दिवसांनी फोन : पुढची क्लिप हेल्मेटखाली हाडात रुतते, शाळेत पोचेपर्यंत डोकं ठणकतं, आणि हेल्मेट काढताना आतला फोम पॅचला मागे ओढतो. वर्गात पंख्याखाली उभं राहायचीही भीती वाटते, म्हणून एक हात डोक्याकडे.

क्लिप हा प्रकारच इथे चुकतो असं माझं मत झालं. ती जाडीने टोचते, आणि सगळा ओढा सात-आठ दातांत सापडलेल्या थोड्याशा केसांवर येतो. तेच केस रोज. घट्ट वेणी-अंबाड्याने कपाळाकडचे केस जातात ते याच कारणाने, आणि चाई असलेल्या डोक्याला दुसरी भर नको.

२ मे : लूप आणि पिना

क्लिपा काढल्या. मोनोच्या पट्टीवर दोऱ्याचे छोटे लूप केले, ब्लाउजच्या हुकांसाठी करतो तसे, दोन-दोन सेंमीवर. त्यांतून साधी काळी पिन ओवून खालच्या केसांत आडवी सरकवायची. लूप जास्त, पिना कमी : रोज सगळ्या लुपांत पिना घालायच्या नाहीत. आज एक आड एक, उद्या उरलेल्या. त्यामुळे ओढ रोज वेगळ्या केसांवर पडते.

सामान तोलायचा हुकाचा काटा पॅचला अडकवून ओढून बघितलं, आधी ब्लॉकवर, मग बाईंच्या परवानगीने अगदी हळू डोक्यावर. क्लिपांचा पॅच दुखायला लागेपर्यंत सुटत नव्हता. पिनांचा त्याआधीच सरकतो. मला तेच हवं होतं. ओढ बसली तर पॅच निसटावा, केस उपटू नयेत. बाईंना हे पटवायला वेळ लागला, कारण निसटण्याचीच त्यांना भीती. पिना दोन दिशांनी, एक उजवीकडून एक डावीकडून अशा घातल्या की पंख्याने आणि वाऱ्याने काही होत नाही, हे गच्चीवर उभं राहून बघितलं.

हेल्मेटसाठी आत सुती पातळ टोपी. फोम टोपीवर घसरतो, पॅच जागेवर राहतो. पिना चपट्या असल्यामुळे रुतत नाहीत, मात्र पिनेच्या टोकाचा रबरी थेंब निघालेला असेल तर ती पिन फेकून द्यायची.

११ मे : दुसरं डोकं

मुलगा, वय २१, लहानपणी गरम पाण्याने भाजल्याचा व्रण, डाव्या कानाच्या वर ४ बाय ७ सेंमी. इथे सगळं उलट. मुळंच गेलेली, केस येणार नाहीत, आकार बदलणार नाही. केस दीड इंचाचे, त्यांत पिन टिकत नाही. खोल भाजलेल्या जागी घामाच्या ग्रंथीही उरत नाहीत, त्यामुळे जो पीयू मी बाईंसाठी नाकारला तो इथे चालला, दुहेरी टेप लावून. कानामागे टेपचा तुकडा दोन दिवस ठेवून खाज-लाली बघितली आणि मगच व्रणावर. व्रणाची कातडी पातळ, टेप कोरडा ओढून काढायचा नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा कडेने फिरवत सोडवायचा.

एकच अडचण आली. आई त्याला तेल लावते आणि तेलाने टेप सुटतो. आईंना सांगितलं, "काकू, रविवारी पॅच काढून लावा, धुवा, आणि मग बसवा." पॅचचे केस लांबच ठेवून बसवले आणि त्याच्या नेहमीच्या सलूनमध्ये डोक्याबरोबर कापून घेतले. वेगळं कापून आणलेलं कधी मिसळत नाही. हे काम आठवड्यात संपलं. बाईंचं चालूच.

२२ मे : निवडणुकीची ड्युटी

२० तारखेला नाशिकचं मतदान होतं आणि बाईंची केंद्रावर ड्युटी. पहाटे साडेपाचला मॉक पोल (यंत्र तपासायचं चाचणी मतदान), सहापर्यंत मतदान, मग यंत्रं जमा करून घरी पोचायला मध्यरात्र उलटली. पॅच सगळा वेळ डोक्यावर, खोलीत एक पंखा. याहून कडक चाचणी मी घेऊ शकले नसते.

निसटला नाही. टोचला नाही. पण मलमल दुपारी भिजली ती भिजलेलीच राहिली, संध्याकाळी कडेने खाज, दुसऱ्या दिवशी मीठ धरून पट्टी कडक. मलमल घाम पिते हे खरं, सोडत मात्र नाही. शिवाय तांबूस डाग : स्वस्त पिना गंजल्या होत्या.

आता उरेब पट्ट्या दोन केल्या आहेत आणि त्या बेसला पक्क्या शिवत नाही, बारीक टाके घालून बसवते. बाई स्वतः उसवून बदलतात, दर आठ दिवसांनी. पट्टी आणखी अरुंद केली, कापलेली कड झाकेल एवढीच. रुंदी जितकी जास्त तितकी ओल जास्त. पिना चांगल्या रंग चढवलेल्या, पाकीट ६० रुपये.

१२ जून : चाई सरकली

पुढच्या बाजूने पांढरी बारीक लव आलीय. चाईत परतणारे केस बऱ्याचदा आधी पांढरे असतात, रंग नंतर भरतो. पण मागे डावीकडे रुपयाएवढा नवा गोल, नेमका जुन्या निळ्या रेघेवर. म्हणजे तिथल्या लुपांत आता पिन घालायची नाही.

मोनोची पट्टी मागच्या बाजूने उसवली, लेसचा चंद्रकोरीसारखा तुकडा जोडला, विणला, पट्टी नव्या कडेबाहेर अडीच सेंमीवर परत टाचली. पक्की शिवण असती तर नवा पॅच करावा लागला असता. पुढची बाजू अजून कापलेली नाही. लव टिकते का ते डॉक्टर पुढच्या वेळी सांगतील, तोपर्यंत तिथे फक्त पिना बंद केल्या, म्हणजे लवेवर घासणारं काही नको.

२५ जून : धुणं आणि हिशेब

धुणं आठवड्यातून एकदा, कोमट पाण्यात, बुडवून ठेवून. चोळायचं नाही, पिळायचं नाही. बोअरच्या पाण्याने केस राठ झाले, आता शेवटचं पाणी फिल्टरचं. कंडिशनर केसांच्या मधल्या भागापासून खाली, गाठींवर गेला तर एकेरी गाठी सुटतात. भांगात दोन जागी सुटल्या, भरल्या. वाळवणं सावलीत, ब्लॉकवर.

बाईंच्या पॅचचा सामानाचा खर्च : केस ४,८००, त्यातले निम्म्याहून जास्त अजून शिल्लक, लेस आणि मोनो १,३५०, सिंथेटिक पांढरे धागे २००, सुई, ब्लीच, पिना, मलमल मिळून ७४०. वाया गेलेली जुडी २,६०० माझ्या खात्यावर. मुलाचा पॅच केस धरून ३,१०० रुपयांत झाला, टेपचा खर्च महिन्याला वेगळा.

मजुरी कशी लावायची हा प्रश्न राहतो. विणकामाचे तास धरले तर आकडा तयार टॉपरच्या वर जातो आणि शाळेतल्या बाईंना तो परवडणार नाही. मी विणकाम तासांवर न लावता चौरस सेंटीमीटरवर लावलं आणि चाई बदलल्यावर बेस वाढवण्याचे पैसे वेगळे, आधी सांगून. ते आधी सांगितलेलं बरं. चाईचं गिऱ्हाईक परत येतंच.

पुढचं माप घेतलंय : भरतनाट्यम शिकवणारी मुलगी, कानशिलांवरचे केस घट्ट बांधून विरळ झालेले. तिथे कपाळाची रेघ उघडी असते, लूप लपणार नाहीत. बेस आधीच चहात बुडवून ठेवलाय.